हृदयातील अतिरिक्त वाहकमार्ग आणि चक्राकार धडधड : एक विवेचन

प्रस्तावना

तास चालू असताना एखादी विद्यार्थिनी एकाएकी छातीवर हात धरून बाकावर टेकते. चेहरा उतरलेला, कपाळावर घाम, श्वास अपुरा. मनगटावर बोट ठेवले तर नाडी इतकी जलद की मोजता मोजता चुकावी. मैत्रिणी पाणी देतात, कुणी वारा घालते, कुणी घरी फोन लावते. दहा-वीस मिनिटांनी ही धडधड, जशी आली तशीच, एका क्षणात थांबते. रुग्णालयात पोहोचेपर्यंत नाडी बहात्तर, रक्तदाब ठीक आणि मुलगी ओशाळलेली. मग परीक्षेचा ताण, चतुर्थीचा उपास, अशक्तपणा, क्वचित ‘बाहेरचे काही’ अशी कारणे पुढे येतात आणि प्रकरण मिटते. दोन-तीन महिन्यांनी ते पुन्हा उद्भवते.

सांगितली जाणारी ही कारणे नेहमीच खोटी असतात असे नाही. रक्तक्षय, थायरॉइड ग्रंथीचा अतिरेक, ताप किंवा निव्वळ भीती यांमुळेही हृदय जलद चालते. मात्र अशा अवस्थांत धडधड हळूहळू चढते आणि हळूहळू उतरते. दिव्याचे बटन दाबावे तशी सुरू होऊन तशीच बंद पडणारी धडधड ही वेगळ्या जातीची होय. तरुण वयात अशा धडधडीमागे जी कारणे आढळतात, त्यांत हृदयाच्या वरच्या व खालच्या कप्प्यांना जोडणारा एक जन्मजात, जादा स्नायुतंतू हे एक प्रमुख कारण आहे. वैद्यकात त्यास ‘अतिरिक्त वाहकमार्ग’ असे म्हटले जाते. दर हजार व्यक्तींमागे सुमारे एक ते तीन जणांच्या ईसीजीत या मार्गाची खूण दिसते. म्हणजे दोन हजार विद्यार्थ्यांच्या महाविद्यालयात अशी खूण बाळगणारे दोन ते सहा विद्यार्थी असणे अपेक्षित आहे. ज्यांचा मार्ग ईसीजीत दिसतच नाही, ते याखेरीज. खूण असणाऱ्यांपैकी अनेकांना आयुष्यात कधीच त्रास होत नाही, हेही येथेच नमूद करणे योग्य ठरेल.

हा तंतू धडधड नेमकी कशी निर्माण करतो, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे. विषय वैद्यकाचा असला तरी त्याचा गाभा भौतिकशास्त्राच्या विद्यार्थ्यालाही कळेल इतका सोपा आहे. तो गाभा एकदा समजला की श्वास रोखल्याने धडधड का थांबते, एकच औषध एका प्रसंगी तारक व दुसऱ्या प्रसंगी घातक का ठरते, आणि हा विकार कायमचा बरा का होऊ शकतो, या तिन्ही प्रश्नांची उत्तरे एकाच सूत्रातून मिळतात.

हृदयातील एकमेव पूल

हृदयाचे वरचे दोन कप्पे म्हणजे अलिंद आणि खालचे दोन म्हणजे निलय. उजव्या अलिंदाच्या वरच्या भागात असलेल्या एसए नोड या पेशीसमूहातून दर ठोक्याचा विद्युत् आवेग निघतो. तो दोन्ही अलिंदांत पसरतो, अलिंदे आकुंचन पावतात आणि रक्त निलयांत ढकलले जाते. त्यानंतर निलयांनी आकुंचन पावावयाचे असते; परंतु लगेच नव्हे. निलये भरण्यास उसंत मिळावी यासाठी मध्ये सुमारे एक दशांश सेकंदाचा विलंब आवश्यक असतो.

या विलंबाची व्यवस्था शरीररचनेत आहे. अलिंदे व निलये यांच्या दरम्यान, झडपांच्या मुळाशी, तंतुमय ऊतींचे वलय असते आणि ते विजेचे दुर्वाहक आहे. दर्यापूरच्या वाचकाला चंद्रभागेचे उदाहरण पटकन पटेल. अलीकडचा काठ म्हणजे अलिंदे, पलीकडचा काठ म्हणजे निलये आणि मधली नदी म्हणजे हे तंतुमय वलय. पार जाण्यासाठी पूल एकच, आणि तोही अरुंद. एव्ही नोड आणि त्यापुढील हिसचा जुडगा हा तो पूल होय. वाहनांची रांग वाढली की पुलावरील गती मंदावते, त्याप्रमाणे वरून येणारे आवेग जितके घाईने येतील तितका एव्ही नोड त्यांना अधिक सावकाश सोडतो. फारच घाई झाली तर काहींना सोडतच नाही. नोडचा हा ‘आळस’ हे वस्तुतः निलयांचे संरक्षण आहे. पुढील विवेचनात त्याचे महत्त्व कळून येईल.

ही रचना समजण्यास बराच काळ लागला. विल्हेल्म हिस यांनी १८९३ मध्ये अलिंद व निलय यांना जोडणारा स्नायूंचा जुडगा वर्णिला. सुनाओ तवारा या जपानी संशोधकाने जर्मनीत काम करून १९०६ मध्ये एव्ही नोडची रचना स्पष्ट केली. आणि १९०७ मध्ये इंग्लंडमध्ये आर्थर कीथ व मार्टिन फ्लॅक यांनी एसए नोड शोधला. गंमत अशी की ज्या वर्षी हिस यांनी एक पूल सांगितला, त्याच १८९३ मध्ये स्टॅन्ली केंट या इंग्रज शरीरक्रियाशास्त्रज्ञाने निरोगी हृदयातही असे अनेक स्नायुपूल असतात असे प्रतिपादन केले. निरोगी हृदयाबाबत केंट यांचे म्हणणे टिकले नाही. तरीही पुढे सापडलेल्या अपवादात्मक पुलांना ‘केंटचा जुडगा’ हे नाव चिकटले ते चिकटलेच. चुकीच्या सिद्धांतामुळे बरोबर गोष्टीला नाव मिळण्याचे हे एक उदाहरण होय.

दुसरा मार्ग

गर्भावस्थेत अलिंदे व निलये यांचे स्नायू सलग असतात. तंतुमय वलय पूर्ण होत जाते तसतसे हे सांधे तुटतात. क्वचित एखादा धागा तुटावयाचा राहून जातो. तो बहुधा डाव्या बाजूच्या झडपेभोवती असतो, परंतु वलयावर अन्यत्रही असू शकतो. एबस्टाइन विकृती या जन्मजात दोषात तो उजव्या बाजूस, आणि पुष्कळदा एकापेक्षा अधिक, आढळतो.

पूर्वीच्याच उदाहरणात सांगावयाचे तर मुख्य पुलापासून दूर नदीपात्रात एक रपटा राहून गेला. त्यावर ना चौकी, ना अडथळा. या धाग्याचे स्नायू एव्ही नोडप्रमाणे विशेष प्रकारचे नसून हृदयाच्या नेहमीच्या कामकरी स्नायूंसारखेच असतात. त्यामुळे त्यांतून आवेग विलंबाविना जातो. अलिंदांतून निघालेला आवेग एकाच वेळी दोन्ही मार्गांनी खाली उतरतो. रपट्यावरून जाणारा आधी पोहोचतो आणि निलयाचा काही भाग वेळेपूर्वीच उद्दीपित करतो. ईसीजीत याचे दोन परिणाम दिसतात. अलिंदाची पी लहर व निलयाचा क्यूआरएस संघात यांतील अंतर ०.१२ सेकंदाहून कमी होते, आणि क्यूआरएसचा आरंभ सरळ न उठता तिरकस चढणीसारखा उठतो. या चढणीस ‘डेल्टा लहर’ म्हणतात.

बोस्टनचे लुई वुल्फ व पॉल डडली व्हाइट आणि लंडनचे जॉन पार्किन्सन यांनी १९३० मध्ये अशा अकरा रुग्णांचा वृत्तांत प्रसिद्ध केला. हे रुग्ण बहुतेक तरुण, धडधाकट आणि अधूनमधून धडधडीचे झटके येणारे होते. तेव्हापासून हा विकार तिघांच्या नावांनी, ‘डब्ल्यूपीडब्ल्यू’ या आद्याक्षरांनी ओळखला जातो. मात्र या तिघांनी अतिरिक्त मार्गाची कल्पना मांडली नव्हती. ईसीजीचे ते रूप त्यांना हिसच्या जुडग्याच्या शाखेतील अडथळ्यासारखे वाटले होते. अतिरिक्त मार्गाचे स्पष्टीकरण १९३२ व १९३३ मध्ये इतरांनी दिले, आणि १९४३ मध्ये एका मृत मुलाच्या हृदयात सूक्ष्मदर्शकाखाली तो धागा प्रत्यक्ष दाखविण्यात आला.

चक्र कसे सुरू होते

दोन मार्ग असणे एवढ्यानेच धडधड होत नाही. नेहमीच्या ठोक्यात दोन्ही मार्गांनी उतरलेले आवेग निलयात एकमेकांस भेटतात आणि तेथेच विझतात. ते का विझतात हे समजण्यासाठी पुलाचे उदाहरण अपुरे पडते, कारण आवेग ही एका जागेवरून दुसरीकडे नेली जाणारी वस्तू नाही. तो वणव्यासारखा आहे. एक पेशी पेटते, ती शेजारच्या पेशीस पेटविते. आणि एकदा जळलेली पेशी पुन्हा पेटण्यासाठी काही काळ जावा लागतो. या काळास ‘अनुत्तेज्य काल’ म्हणतात.

उन्हाळ्यात वावराच्या चारही बाजूंच्या धुऱ्यावर वाळलेले गवत उभे आहे, अशी कल्पना करावी. एका कोपऱ्यात ठिणगी पडली तर आग दोन्ही दिशांनी निघते, समोरच्या कोपऱ्यात दोन्ही ज्वाळा भेटतात आणि दोहोंपुढेही जळलेलेच गवत असल्याने आग संपते. आता असे समजावे की ठिणगी पडली त्या वेळी एका बाजूचा धुरा ओला होता. आग दुसऱ्या बाजूनेच निघाली. ती वावर फिरून येईपर्यंत ओला धुरा वाळला, तर आग त्यावरून उलट दिशेने आरंभबिंदूपाशी परत येते. आणि तोपर्यंत आरंभीचे गवत पुन्हा उगवून वाळले असेल, तर आग तशीच पुढे जाऊन दुसरी फेरी घेते. शेतात गवत इतक्या लवकर उगवत नाही; हृदयस्नायू मात्र पाव सेकंदाच्या आसपास पुन्हा पेटण्यास सिद्ध होतो. म्हणून हृदयात हे चक्र संभवते. यालाच ‘पुनःप्रवेश’ असे नाव आहे.

यासाठी तीन गोष्टी लागतात. दोन्ही टोकांना जोडलेले दोन मार्ग हवेत; त्यांपैकी एकात त्या क्षणापुरता एकदिशी अडथळा हवा; आणि एक फेरी पूर्ण होण्यास लागणारा वेळ फेरीतील प्रत्येक भागाच्या अनुत्तेज्य कालाहून अधिक हवा. तिसरी अट सहज निसटते, परंतु निर्णायक तीच आहे. फेरी फार जलद असेल तर आवेग स्वतःच्याच राखेवर येऊन विझेल. एव्ही नोडचा मंदपणा येथे उपयोगी पडतो, म्हणजे विकाराच्या उपयोगी पडतो. निलयांच्या रक्षणासाठी असलेला विलंबच चक्राला आवश्यक तो अवधी मिळवून देतो.

अतिरिक्त मार्ग असलेल्या हृदयात प्रत्यक्ष घटनाक्रम बहुधा असा असतो. अलिंदात एक अकाली ठोका पडतो. असे अकाली ठोके निरोगी माणसालाही अधूनमधून पडत असतात. त्या क्षणी अतिरिक्त मार्ग मागच्या आवेगातून सावरलेला नसतो, पण एव्ही नोड सावरलेला असतो. आवेग एकट्या नोडमधून, आणि अकाली असल्यामुळे अधिकच सावकाश, खाली उतरतो. निलये उद्दीपित होतात. एव्हाना अतिरिक्त मार्ग सिद्ध झालेला असतो. आवेग त्यातून उलट वर चढतो, अलिंदांत पोहोचतो आणि पुन्हा नोडच्या दारात उभा राहतो. पहिली फेरी पूर्ण होते आणि एसए नोडचे नियंत्रण सुटते.

संख्येने हे अधिक स्पष्ट होईल. समजा, नोड व हिसचा जुडगा उतरण्यास ०.१५ सेकंद, निलयातून अतिरिक्त मार्गाच्या टोकापर्यंत ०.०७, मार्ग चढण्यास ०.०३ आणि अलिंदातून नोडपर्यंत ०.०५ सेकंद लागले. एकूण फेरी ०.३० सेकंदांची झाली. प्रत्येक फेरीस एक ठोका, म्हणजे मिनिटास २०० ठोके. हे आकडे स्पष्टीकरणापुरते घेतले असले तरी या विकारात आढळणारी गती मिनिटास साधारण १५० ते २५० च्या दरम्यानच असते. धडधडीची गती ही कोण्या चिडलेल्या केंद्राची गती नसून एका वाटेची लांबी व तीवरील वेग यांचा भागाकार आहे, हे येथे लक्षात घेण्यासारखे आहे.

याचा एक सुंदर पुरावा रुग्णाच्या ईसीजीतच कधी कधी मिळतो. अतिरिक्त मार्ग डाव्या बाजूस आहे आणि धडधड चालू असताना हिसच्या जुडग्याची डावी शाखा तात्पुरती बंद पडली, असे समजावे. आता आवेगास उजव्या शाखेने उतरून, निलयांमधील पडदा ओलांडून, डाव्या बाजूस यावे लागते. वाट लांबते. फेरीस ०.०४ सेकंद अधिक लागले तर गती २०० वरून सुमारे १७६ वर येते. अडथळा विरुद्ध बाजूच्या शाखेत आला तर गतीत फरक पडत नाही, कारण ती शाखा या फेरीच्या वाटेवरच नसते. फ्रान्सचे फिलिप कूमेल यांच्या नावाने ही खूण ओळखली जाते. छातीस स्पर्शही न करता, केवळ कागदावरील रेघांवरून, आतला धागा डावीकडे आहे की उजवीकडे हे सांगता येते.

या चक्राची कल्पना रुग्णांवरून सुचलेली नाही. ती जेलीफिशवरून आली. आल्फ्रेड मेयर यांनी १९०६ च्या सुमारास जेलीफिशच्या छत्रीतून कापलेल्या कड्यांमध्ये एकदा सोडलेली आकुंचनाची लाट गोल गोल फिरत राहते, असे दाखविले. केंब्रिजमध्ये घडलेले तरुण शास्त्रज्ञ जॉर्ज राल्फ माइन्स यांनी तेच प्रयोग प्राण्यांच्या हृदयस्नायूंच्या कड्यांवर केले. फिरणारी लाट ही खरोखरच फिरते आहे की कुठल्या एका बिंदूतून वारंवार निघते आहे, हे ओळखण्याची त्यांची कसोटी अशी की कडे एका ठिकाणी कापावे. लाट फिरती असेल तर ती तत्क्षणी थांबेल. याच माइन्स यांनी १९१४ मध्ये लिहून ठेवले की केंट यांनी वर्णिलेला धागा मानवी हृदयात असेल, तर एव्ही नोड व तो धागा यांतून असेच चक्र फिरून धडधडीचे झटके येऊ शकतील. वुल्फ, पार्किन्सन व व्हाइट यांच्या लेखाच्या सोळा वर्षे आधी हे लिहिले गेले. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये मॉन्ट्रियल येथील प्रयोगशाळेत माइन्स उपकरणांसह मरणासन्न अवस्थेत आढळले. वय अवघे २८ होते. त्यांचे प्रतिपादन पुढे अनेक वर्षे दुर्लक्षितच राहिले. मानवी हृदयात कॅथेटरद्वारे मोजून दिलेल्या अकाली ठोक्यांनी हे चक्र हुकमी सुरू करता येते व हुकमी थांबविताही येते, हे ॲम्स्टरडॅमच्या डर्क डुरर व सहकाऱ्यांनी १९६७ मध्ये दाखविले, तेव्हा माइन्स यांचे अनुमान सिद्ध झाले.

ईसीजी काय दाखवितो, काय लपवितो

वर वर्णिलेला प्रकार, म्हणजे नोडमधून खाली व अतिरिक्त मार्गातून वर, हाच बहुसंख्य रुग्णांत आढळतो. या चक्राच्या दर दहा झटक्यांपैकी नऊ वा अधिक याच दिशेचे असतात. यात एक विसंगती आहे. झटका चालू असताना निलये केवळ नैसर्गिक पुलावरून उद्दीपित होतात, म्हणून डेल्टा लहर नाहीशी होते आणि क्यूआरएस अरुंद, सुबक दिसतो. रोगाची खूण रोगाच्या झटक्यातच लुप्त होते आणि रुग्ण बरा असताना पुन्हा प्रकट होते. यास्तव झटक्यातील व झटक्यानंतरचा असे दोन्ही ईसीजी निदानास लागतात.

काहींच्या बाबतीत धागा फक्त खालून वर वाहतो. त्यांच्या ईसीजीत डेल्टा लहर कधीच नसते. तरी चक्र फिरू शकते. असा ‘सुप्त’ मार्ग शांत वेळच्या ईसीजीत शोधूनही सापडत नाही. ईसीजी चांगला आला म्हणजे मुलगी घाबरते एवढेच, हा निष्कर्ष म्हणूनच घाईचा ठरतो. याउलट, डेल्टा लहर खालच्या दिशेने असेल तर ती जुन्या हृदयविकाराच्या झटक्याच्या खुणेसारखी भासते. पोलीस भरतीसाठी धावण्याचा सराव करणाऱ्या बावीस वर्षांच्या तरुणावर ‘अटॅक येऊन गेला’ असा शिक्का बसणे केवळ वैद्यकीय चूक राहत नाही. नोकरी, लग्न, घरातील त्याचे स्थान या सर्वांवर तिची छाया पडते.

क्वचित चक्र उलट फिरते, म्हणजे अतिरिक्त मार्गाने खाली आणि नोडमधून वर. तेव्हा क्यूआरएस रुंद होतो आणि निलयातूनच उगम पावणाऱ्या गंभीर विकाराशी त्याचे साम्य दिसते. अतिरिक्त मार्गाशिवायही, नोडच्याच परिसरातील दोन वाटांमध्ये चक्र फिरू शकते. एकाएकी सुरू होणाऱ्या धडधडीत तो प्रकार तर अधिकच आढळतो. त्याची मीमांसा स्वतंत्र लेखाचा विषय आहे.

झटका थांबविणे आणि औषधाचा विरोधाभास

धुऱ्यावर फिरणाऱ्या आगीस विझविण्यासाठी सगळा धुरा भिजवावा लागत नाही. एका जागी गवत ओले केले की पुरे. हृदयातील चक्रातही अलिंद, नोड, निलय आणि अतिरिक्त मार्ग यांपैकी कोणताही एक दुवा क्षणभर बंद पडला की धडधड एकदम थांबते. ती हळूहळू न ओसरता एकदम का थांबते, याचे उत्तर हेच.

या चारांतील सर्वात हळवा दुवा एव्ही नोड. त्यावर व्हेगस या मज्जातंतूचा अंमल चालतो. श्वास रोखून जोर करणे, चेहऱ्यावर थंडगार पाण्याचा मारा करणे यांनी हा मज्जातंतू उत्तेजित होतो आणि नोड मंदावतो. आजीबाईच्या बटव्यातील वाटावी अशी ही युक्ती शास्त्रीय कसोटीस उतरलेली आहे. इंग्लंडमधील एका अभ्यासात, जो २०१५ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाला, अर्धवट बसवून पंधरा सेकंद जोराने फुंकावयास लावणे आणि लगेच रुग्णास आडवे करून पाय पंधरा सेकंद ४५ अंशांत उचलून धरणे, या सुधारित पद्धतीने ४३ टक्के रुग्णांची धडधड थांबली, पाय न उचलता केलेल्या जुन्या पद्धतीने १७ टक्क्यांची. फुंकण्यासाठी दहा मिलिलिटरची रिकामी सिरिंज, तिचा दट्ट्या हलेल इतक्या जोराने फुंकली तरी चालते. खर्च जवळजवळ शून्य. मानेवरील धमनी चोळण्याचा प्रयोग मात्र वैद्यकानेच करावयाचा असतो.

याने न थांबल्यास रुग्णालयात शिरेतून ॲडेनोसिन देतात. त्याचा अंमल काही सेकंदच टिकतो, परंतु नोड क्षणभर बंद होण्यास तेवढे पुरते. व्हेरापॅमिल हे औषधही नोडवरच काम करते.

आता उलट बाजू. अतिरिक्त मार्ग असलेल्या काही रुग्णांत अलिंदांचे कंपन सुरू होते. तेव्हा अलिंदांतून मिनिटास तीनशेहून किती तरी अधिक, अनियमित आवेग निघतात. निरोगी हृदयात एव्ही नोड त्यांतील बहुतेक अडवितो. येथे मात्र रपटा उघडा असतो आणि त्यावर चौकी नसते. धाग्याचा अनुत्तेज्य काल अल्प असेल तर आवेगांचा लोंढा सरळ निलयांत उतरतो. निलयेही कंप पावू लागली की रक्ताभिसरण थांबते आणि काही मिनिटांत मृत्यू ओढवतो. हे विरळा घडते, पण घडते ते प्रायः तरुणांत, आणि कधी कधी तीच त्या विकाराची पहिली ओळख असते. अशा प्रसंगी व्हेरापॅमिल किंवा डिगॉक्सिन दिल्यास पुलावरील वाहतूक रोखली जाते आणि रपट्यावरची मोकाट सुटते. नियमित व अरुंद क्यूआरएसच्या धडधडीत उपकारक ठरलेले औषध अनियमित व रुंद क्यूआरएसच्या धडधडीत घातक ठरते. येथे विजेचा नियंत्रित धक्का अथवा प्रोकेनामाइडसारखी, धाग्यावरच परिणाम करणारी औषधे वापरावी लागतात. औषधाचा निर्णय अर्थातच वैद्यकाचा. परंतु मागच्या वेळी मिळालेली गोळी किंवा इंजेक्शन नाव सांगून पुन्हा मागण्याची आपल्याकडील सवय या विकारात किती धोक्याची आहे, हे यावरून कळावे.

कडे कापणे

माइन्स यांच्या कसोटीचा दुसरा अर्थ असा की कडे कापणे हाच उपचार होय. अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठात विल सीली यांनी १९६८ मध्ये उत्तर कॅरोलायनातील एका मच्छीमाराच्या हृदयावर शस्त्रक्रिया करून अतिरिक्त मार्ग यशस्वीपणे छेदला. छाती उघडून केलेला हा उपचार मोजक्यांनाच परवडणारा होता. पुढे मांडीच्या रक्तवाहिनीतून कॅथेटर हृदयापर्यंत नेऊन, रेडिओलहरींच्या ऊर्जेने त्याच्या टोकाशी उष्णता निर्माण करून, तो धागा जाळण्याची पद्धत विकसित झाली. ५० अंश सेल्सिअसच्या वर गेलेल्या हृदयस्नायूची वाहकता कायमची नष्ट होते, हे या पद्धतीचे मूळ. वॉरन जॅकमन व सहकाऱ्यांनी १९९१ मध्ये दिलेल्या वृत्तांतात १६६ पैकी १६४ रुग्णांचे अतिरिक्त मार्ग या रीतीने नाहीसे झाले होते.

या उपचारातील खरे काम जाळण्याचे नसून शोधण्याचे आहे. झडपेच्या वलयावर कॅथेटर फिरवून, निलय सर्वात आधी कोठे उद्दीपित होते हे सेकंदाच्या हजाराव्या भागांत मोजले जाते. नेमकी जागा सापडल्यावर ऊर्जा सोडली की काही सेकंदांत पडद्यावरील डेल्टा लहर विरून जाते. रुग्ण पुष्कळदा जागा असतो. धागा एव्ही नोडच्या अगदी निकट असेल तर नैसर्गिक पूलच जळण्याची भीती असते आणि मग कायमचा पेसमेकर बसवावा लागू शकतो. म्हणून अशा ठिकाणी उष्णतेऐवजी गोठविण्याची पद्धत निवडली जाते, किंवा त्रास सौम्य असल्यास काहीच न करणे श्रेयस्कर ठरते. लक्षणे नसलेल्या व्यक्तीत केवळ ईसीजीवर डेल्टा लहर दिसते म्हणून ॲब्लेशन करावे की नाही, हा प्रश्न वय, व्यवसाय आणि धाग्याचा मोजलेला अनुत्तेज्य काल पाहून सोडविला जातो. अलिंदकंपनात या धाग्यावाटे उतरलेल्या दोन ठोक्यांतील किमान अंतर पाव सेकंद किंवा त्याहून कमी भरले, तर धोका अधिक मानतात.

महाराष्ट्रात ही विद्या प्रथम मुंबईत रुजली आणि डॉ. यश लोखंडवाला यांच्यासारख्या हृदय-विद्युततज्ज्ञांनी ती वाढविली. आता नागपुरातही हे उपचार होतात. आयुष्मान भारत योजनेच्या उपचारसूचीत ॲब्लेशनचा अंतर्भाव आहे.

गावातील अडचण

दर्यापूरपासून अमरावती सुमारे पन्नास किलोमीटर आणि नागपूर दोनशेच्या आसपास. परंतु या विकारात खरी अडचण अंतराची नसून वेळेची आहे. झटका वीस मिनिटांचा. एसटी किंवा ऑटो मिळून रुग्णालयात पोहोचेपर्यंत तो संपलेला असतो. नागपूरच्या तज्ज्ञाला हवा असतो तो झटक्यातला ईसीजी, आणि तो मिळण्याची शक्यता सर्वाधिक कोठे, तर गावातल्याच उपजिल्हा रुग्णालयात किंवा जवळच्या खाजगी दवाखान्यात. म्हणून धडधड सुरू होताच, घरी कळवून वाट पाहत बसण्यापेक्षा, विद्यार्थ्यास तत्काळ जवळच्या ईसीजी यंत्रापर्यंत नेणे अगत्याचे ठरते; शुद्ध हरपत असल्यास १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलाविणे आणि नाडी लागत नसल्यास छातीवर दाब देणे, हे ओघानेच आले.

तेवढे साधले नाही तरी शिक्षकास बरेच करता येते. सुरू होण्याची व थांबण्याची वेळ लिहून ठेवावी. पंधरा सेकंदांतील नाडीचे ठोके मोजून चारने गुणावेत. नाडी नियमित होती की विस्कळीत, याची नोंद करावी. धडधड हळूहळू उतरली की एका क्षणात थांबली, हे विद्यार्थ्यालाच विचारावे. यापूर्वी बेशुद्धी आली होती काय, घरात कुणी तरुणपणी अचानक दगावले आहे काय, हे पालकांकडून समजून घ्यावे. या चार-पाच ओळींच्या टिपणावरून तज्ज्ञास पुढील तपासण्यांची दिशा मिळते.

आणि ईसीजी निघालाच, तर त्याची छायाप्रत त्याच दिवशी काढावी किंवा मोबाइलवर छायाचित्र घ्यावे. बहुतेक यंत्रांचा कागद उष्णतासंवेदी असतो. लोखंडी पेटीत, गुणपत्रिकांच्या फाइलीत जपून ठेवलेला तो कागद वऱ्हाडातील एक-दोन उन्हाळ्यांत कोरा होऊन जातो.